कोळशाचं पेट्रोल आणि ‘अंतर्गत बाब’

थर्ड इयर केमिकलवाल्यांना ‘फिशर-ट्रॉप्श’ हे नाव नवीन नाही. बाकी ब्रँचच्या मित्रमैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. दगडी कोळसा वाफ आणि ऑक्सिजनबरोबर तापवायचा, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण काढायचं आणि ते लोखंडाच्या किंवा कोबाल्टच्या कॅटॅलिस्टवरून न्यायचं. पलीकडून पेट्रोल, डिझेल, मेण असं बरंच काही बाहेर पडतं. १९२० च्या दशकात फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या दोन शास्त्रज्ञांनी जर्मनीत ही पद्धत शोधली. पुस्तकातल्या त्या प्रकरणात उदाहरण म्हणून हमखास एकाच कंपनीचं नाव येतं, ते म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं सासोल. व्हायवाला तेवढं सांगितलं की सर पुढच्या रोल नंबरकडे वळतात.

मला मात्र प्रश्न पडला की हा उद्योग करायचाच कशाला? प्लँटचा खर्च अफाट, कोळशातली बरीचशी ऊर्जा प्रक्रियेतच संपते, आणि कार्बन डायऑक्साइड तर इतका निघतो की सासोलचा सेकुंडा इथला कारखाना आज एकाच ठिकाणाहून सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या जगातल्या कारखान्यांत मोजला जातो. जगात कच्चं तेल विकत मिळत असताना एवढा आटापिटा कोण करेल? पहिला प्लँट सासोलबर्गला १९५५ मध्ये सुरू झाला तेव्हाचं कारण साधं होतं, कोळसा भरपूर आणि तेल नाही. पण सेकुंडाचे दोन अवाढव्य प्लँट १९८० आणि १९८२ च्या सुमारास उभे राहिले, त्यांचं कारण थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात सापडत नाही. ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावांत सापडतं. दक्षिण आफ्रिकेला तेल विकू नका, असं जगातली बहुतेक सरकारं एकमेकांना सांगत होती, आणि त्याला कारण होतं वंशभेद.

अपार्थाइड म्हणजे काय ते आपण शाळेत एका परिच्छेदात शिकलो. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि जे आधीपासून चालू होतं त्याला कायद्याचा पक्का सांगाडा मिळाला. १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद झाली. राहायचं कुठे, लग्न कुणाशी करायचं, कुठल्या बाकावर बसायचं, सगळं त्या नोंदीवरून ठरायचं. १९५९ मध्ये तर कायदा करून गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे इतरांना बंद केले. म्हणजे आपल्यासारखं कॉलेज, आपल्यासारखीच लॅब, पण प्रवेशाच्या फॉर्मवर पहिला प्रश्न कातडीचा.

आता दुसऱ्या देशाचं सरकार आपल्याच नागरिकांशी असं वागत असेल तर बाकीच्या सरकारांनी काय करायचं? आज हा प्रश्न भाबडा वाटतो, पण १९४६ साली तो जगापुढे पहिल्यांदा मांडला तो भारताने. तोही स्वातंत्र्य मिळायच्या आधी! नाताळमध्ये १८६० पासून गेलेल्या गिरमिटिया मजुरांचे वंशज आणि त्यांच्यामागून गेलेले व्यापारी यांच्यावर त्या वर्षी एक नवा कायदा आला. कुठे जमीन घ्यायची आणि कुठे राहायचं यावर त्यात बंधनं होती. लोक त्याला ‘घेट्टो ॲक्ट’ म्हणायचे. जून १९४६ मध्ये भारताने हा विषय संयुक्त राष्ट्रांकडे नेला आणि त्याच सुमाराला दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. असा व्यापार तोडणारा भारत हा पहिला देश. पैशाची सोय बघून घेतलेला निर्णय नव्हता तो.

न्यूयॉर्कच्या आमसभेत भारताची बाजू विजयालक्ष्मी पंडित यांनी मांडली. (त्यांचं माहेर नेहरूंचं म्हणून ‘पंडित’ हे आडनाव काश्मिरी असेल असं पुष्कळांना वाटतं. ते सासरचं, आणि सासर मराठी. पती रणजित सीताराम पंडित.) समोर होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फील्ड मार्शल स्मट्स. गंमत म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना, ज्यात मानवी हक्कांबद्दलची श्रद्धा वगैरे लिहिलंय, तिचा पहिला मसुदा याच गृहस्थांचा. स्मट्सचा युक्तिवाद एका वाक्याचा होता: ही आमची अंतर्गत बाब आहे. सनदेच्या कलम २, परिच्छेद ७ मध्ये तसं लिहिलेलंच आहे, कुठल्याही देशाच्या अंतर्गत कारभारात संघटनेने हात घालू नये म्हणून. फार तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवा, आमसभेत नको, असं त्यांचं म्हणणं.

८ डिसेंबर १९४६ ला मतदान झालं. ठरावाच्या बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. दोन तृतीयांश मतं लागत होती. गणित करून बघा: ४७ मतांचे दोन तृतीयांश म्हणजे ३१.३३. एका देशाने जरी बाजू बदलली असती, ३१ विरुद्ध १६ झालं असतं, तर ठराव पडला असता. विरोधात कोण होतं? ब्रिटन आणि अमेरिका. इतक्या काठावर ठरलं की माणसांना वंशावरून वागवणं ही एखाद्या सरकारची खासगी गोष्ट नाही.

या ठरावात एक उणीव होती, ती लपवण्यात अर्थ नाही. तो फक्त तिथल्या भारतीयांबद्दल होता. बहुसंख्य काळ्या लोकांची अवस्था त्याहून वाईट होती आणि ठरावात त्यांचं नाव नव्हतं. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. झुमा मात्र स्वतः न्यूयॉर्कला आले होते आणि भारतीय प्रतिनिधींच्या संपर्कात होते. पुढे १९५२ मध्ये आशिया-आफ्रिकेतल्या १३ देशांनी मिळून अख्खं अपार्थाइडच विषयपत्रिकेवर आणलं, तेव्हा ही उणीव भरून निघाली. त्या १३ जणांत भारत होता आणि पाकिस्तानही होता. काश्मीरवरून भांडण चालू असताना या एका कागदावर दोघांच्या सह्या आहेत, हे वाचून मला बरं वाटलं.

त्यानंतर दरवर्षी ठराव होत राहिले आणि दक्षिण आफ्रिका ते कचऱ्यात टाकत राहिली. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिल इथे पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, ६९ माणसं मेली. तेव्हा कुठे भाषा बदलली. नोव्हेंबर १९६२ च्या १७६१ क्रमांकाच्या ठरावाने सदस्य देशांना सांगितलं की राजनैतिक संबंध तोडा, बंदरं बंद करा, त्यांचा माल घेऊ नका. वर एक विशेष समिती नेमली. या समितीचं सचिवपद १९६३ पासून सांभाळलं इ. एस. रेड्डी या भारतीय माणसाने. न्यूयॉर्कला शिकायला गेलेला आंध्रकडचा तरुण, संयुक्त राष्ट्रांत नोकरीला लागला आणि पुढची दोन दशकं अपार्थाइडच्या मागे लागला. २०२० मध्ये ते वारले. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव का नाही, कळत नाही.

आमसभेचा ठराव म्हणजे सल्ला असतो, तो कुणावर बंधनकारक नसतो. बंधनकारक निर्णय घ्यायचा तर सुरक्षा परिषद लागते आणि तिथे नकाराधिकार आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेला संघटनेतून काढून टाकायचा प्रस्ताव आला, तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या तिघांनी एकदम तो नाकारला. तिघांचे तिथे पैसे गुंतले होते. त्यामुळे बंधनकारक झाली ती फक्त शस्त्रबंदी, तीही नोव्हेंबर १९७७ मध्ये. त्याच सप्टेंबरमध्ये स्टीव्ह बिको हा तरुण नेता पोलीस कोठडीतल्या मारहाणीमुळे मेला होता. एखाद्या सदस्य देशावर सुरक्षा परिषदेने घातलेली ही पहिली सक्तीची बंदी.

तेलाचं तसं नाही झालं. तेलबंदी शेवटपर्यंत ऐच्छिकच राहिली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी मजा इथेच आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये आफ्रिकी देशांच्या आग्रहावरून अरब देशांनी दक्षिण आफ्रिकेला तेल देणं बंद केलं. पण इराणच्या शहाने बंद केलं नाही. काही वर्षांत जवळजवळ सगळं तेल इराणमधून येऊ लागलं. इकडे १९७४ च्या अखेरीला सेकुंडाच्या पहिल्या प्लँटचा निर्णय झाला. १९७९ मध्ये शहा गेला, नव्या सरकारने तेल तोडलं, आणि लगेच दुसऱ्या प्लँटचा निर्णय झाला. म्हणजे प्लँटच्या तारखा बघितल्या तर शेजारी राजकारणाच्या तारखा आपोआप लावता येतात.

कोळशाने सगळी गरज भागत नव्हती. उरलेलं तेल चोरून आणायला लागायचं. ‘सेलम’ नावाच्या टँकरची गोष्ट तर सिनेमात शोभेल. डिसेंबर १९७९ मध्ये हे जहाज कुवेतहून सुमारे २ लाख टन तेल घेऊन युरोपकडे निघालं. वाटेत दर्बानला गुपचूप थांबून १ लाख ८० हजार टनांच्या आसपास तेल उतरवलं आणि टाक्यांत समुद्राचं पाणी भरलं. १७ जानेवारी १९८० ला सेनेगलच्या किनाऱ्याजवळ जहाज ‘बुडालं’. दुसऱ्या जहाजाने खलाशांना वाचवलं, तर हे लोक सामानाच्या बॅगा भरून, बरोबर सँडविच घेऊन बोटीत तयार बसलेले! जहाजाची लॉग बुक मात्र वाचली नाही. आणि २ लाख टन तेलाचं जहाज बुडून समुद्रावर तवंग जवळजवळ नाहीच. मास ट्रान्सफर शिकलेल्या कुणालाही शंका यावी.

अशा चोऱ्या पकडायला ॲमस्टरडॅममध्ये १९८० पासून ‘शिपिंग रिसर्च ब्यूरो’ नावाचं छोटं कार्यालय होतं. कुठला टँकर कुठून निघाला, कुठे पोचला, मधले दिवस का जुळत नाहीत, एवढंच ते बघायचे. सॅटेलाइट ट्रॅकिंग नाही, इंटरनेट नाही, नुसता बंदरांच्या नोंदींचा अभ्यास. सरकारांनी मात्र यात फार उशीर केला. टँकरवर नजर ठेवायचा सरकारांचा गट आमसभेने नेमला तो १९८६ मध्ये.

मग याचा उपयोग काय झाला? तेल मिळत राहिलं, फक्त महाग. अध्यक्ष बोथा यांनी १९८६ मध्ये स्वतःच सांगितलं की १९७३ ते १९८४ या काळात तेलासाठी २२ अब्ज रँड जादा मोजावे लागले. मला वाटतं हाच मुद्दा आहे. बहिष्काराने दार कधीच पूर्ण बंद होत नाही, फक्त आत यायचा दर वाढतो. १९८५ मध्ये परदेशी बँकांनी कर्जं पुढे चालू ठेवायला नकार दिला, १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अध्यक्ष रेगन यांचा नकार ओलांडून निर्बंधांचा कायदा केला, तसतसा हा दर परवडेनासा झाला. अर्थात सरकारं बाहेरून दर वाढवत होती तेव्हा आत लोक तुरुंगात जात होते, गोळ्या खात होते. अपार्थाइड मोडलं ते आधी त्यांनी, हे विसरून चालणार नाही.

खेळाचं सगळ्यांना माहीत असतं म्हणून जास्त लिहीत नाही. एकच सांगते. १९७४ च्या डेव्हिस कपमध्ये विजय आणि आनंद अमृतराज यांच्या संघाने सोव्हिएत युनियनला हरवलं, तेही आपल्या पुण्यात. अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी होता. भारत खेळला नाही. एकही चेंडू न मारता कप त्यांना मिळाला. भारताने डेव्हिस कप अजून एकदाही जिंकलेला नाही. आणि बंदी उठल्यावर क्रिकेटमध्ये परतताना दक्षिण आफ्रिकेने पहिला सामना खेळला तो १० नोव्हेंबर १९९१ ला, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर.

एका देशाविरुद्ध आघाडी उभी राहिली, ठीक. पण उद्या दुसऱ्या देशाने तेच केलं तर? त्यासाठी कायमची यंत्रणा हवी होती. ती म्हणजे २१ डिसेंबर १९६५ ला आमसभेने मंजूर केलेला वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार. ४ जानेवारी १९६९ पासून तो लागू आहे आणि आज १८० हून जास्त देश त्यात आहेत. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत सांगायचं तर नुसता ठराव म्हणजे ओपन लूप: इनपुट दिला, आउटपुटचं काय झालं कुणी बघत नाही. या कराराने फीडबॅक जोडला. प्रत्येक सरकारने दर दोन वर्षांनी अहवाल द्यायचा, १८ तज्ज्ञांच्या समितीने तो जिनिव्हात तपासायचा, तोंडावर प्रश्न विचारायचे, शेरे लिहायचे, पुढच्या अहवालात त्या शेऱ्यांची उत्तरं द्यायची. एका सरकारने दुसऱ्याविरुद्ध तक्रार करायचीही सोय आहे. पण गंमत बघा, ती पहिल्यांदा वापरली गेली २०१८ मध्ये, म्हणजे तब्बल ४९ वर्षांनी. सरकारं एकमेकांना सांभाळून घेतात, दुसरं काय.

या कराराच्या पहिल्याच कलमात वंशभेदाची व्याख्या आहे: वंश, रंग, जन्माने आलेलं कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून केलेला भेद. यातला ‘जन्माने आलेलं कूळ’ हा शब्द मसुद्यात नव्हता. तो घालायची सूचना भारताची.

पुढे याच शब्दाने भारताला अडचणीत आणलं. १९९६ मध्ये समितीने भारताचा अहवाल तपासताना म्हटलं की कूळ म्हणजे जन्म, तेव्हा जातीवरून होणारा भेद या करारात येतो. भारत सरकारचं उत्तर होतं की जात म्हणजे वंश नव्हे. २००१ मध्ये दर्बानला वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली. देशातले दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येने तिथे गेले, आणि सरकारच्या प्रतिनिधींनी तिथेही जातीचा विषय या परिषदेचा नाही हीच भूमिका मांडली. त्याच दर्बानला, जिथल्या भारतीयांसाठी आपण १९४६ मध्ये भांडलो होतो.

सरकारच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. जात म्हणजे वंश नव्हे हे खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहून ठेवलंय. पण त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे ते लोक जो अर्ज करताहेत त्याच्या प्रती मागवल्या होत्या. अस्पृश्यांच्या वतीनेही तसंच काही करता येईल, असा विचार त्यात होता. म्हणजे जात आणि वंश वेगळे, पण दाद मागायची जागा तीच, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. शिवाय करारात प्रश्न जात वंश आहे का हा नाहीच. वंश हा शब्द वेगळा आहे, कूळ हा वेगळा आहे, म्हणून तर दोन शब्द आहेत.

मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे असल्या शब्दांसाठी मला अजूनही शब्दकोश उघडायला लागतो. अपार्थाइडला आपले पेपरवाले ‘वर्णद्वेष’ म्हणतात. कोशात ‘वर्ण’ बघितला तर पहिला अर्थ रंग, आणि त्याच्याच खाली चातुर्वर्ण्यातला वर्ण. एका शब्दात दोन्ही! शाळेत आम्ही सगळे पहिल्या नावाने हाक मारायचो, आडनावाकडे कुणाचं लक्ष नसायचं. इथे हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात ‘पूर्ण नाव सांग ना’ असं किती वेळा विचारलं गेलं, आणि सीईटीचा स्कोअर विचारल्यावर पुढचा प्रश्न ‘ओपन का?’ हा कसा ठरलेला असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या एका मैत्रिणीने दोन सेमिस्टर स्कोअर सांगायचंच टाळलं. क्लासमध्ये ती पहिल्या पाचात असते. तिला कुणी कातडीच्या रंगावरून काही म्हटलं नव्हतं. कुळावरूनच म्हटलं होतं.

डिसेंबर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी दिल्लीच्या एका परिषदेत जाहीरपणे सांगितलं की अस्पृश्यतेला समांतर असं काही असेल तर ते अपार्थाइडच. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, जिनिव्हात भारताचा अहवाल तपासणीला आला, तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी पुन्हा सांगितलं की जात या करारात बसत नाही. आपल्याकडे घटनेचं कलम १७ आहे, १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, आरक्षण आहे. दाखवायला लाज वाटावी असं त्यात काही नाही. उलट जिनिव्हात ठासून सांगावं की आम्ही एवढं केलंय, एवढं राहिलंय. ते न करता आपण जे सांगतो त्याचा मराठीत अर्थ एकच होतो: ही आमची अंतर्गत बाब आहे.

करारात आणखी एक कलम आहे, १४ वं. ते ज्या सरकारने मान्य केलंय त्याच्या देशातला साधा नागरिक, देशातले सगळे मार्ग संपल्यावर, थेट समितीकडे तक्रार करू शकतो. दक्षिण आफ्रिकेने १९९८ मध्ये करारात येतानाच हे कलम मान्य केलं. भारताने केलेलं नाही. त्यामुळे स्मट्स यांच्या देशातला माणूस आज जिनिव्हाला पत्र टाकू शकतो, आणि ३२ मतं मिळवून ज्यांनी स्मट्सना हरवलं त्यांच्या देशातला टाकू शकत नाही.